त्या दिवशी फ्लॅश उडालाच नव्हता

भाऊ भर उन्हात फ्लॅश मारायचे. सकाळचे अकरा वाजलेले, टेकडीवर दगडाला हात लाववत नाही असं ऊन, आणि हे आपले फ्लॅशमध्ये सेल घालत बसलेले. येणारेजाणारे हसायचे. "काका, सूर्य कमी पडला का?" असं विचारणारा प्रत्येक शर्यतीला एक तरी भेटायचाच. भाऊ चिडायचे नाहीत. म्हणायचे, "हेल्मेट घाल आणि त्या उन्हात जाऊन उभा राहा." तो उभा राहिला की आधी एक साधा फोटो काढायचे, मग फ्लॅश मारून दुसरा, आणि दोन्ही त्याला दाखवायचे. पहिल्यात हेल्मेटच्या खाली नुसता अंधार. दुसऱ्यात डोळे, घाम, दाताखाली धरलेला ओठ. "सूर्य डोक्यावरून येतो. त्याला माणसाचं तोंड दिसत नाही," एवढं बोलून ते पुन्हा सेल मोजायला लागायचे.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर नाशिकला द्वारका चौकाजवळच्या गल्लीत छोटा फोटो स्टुडिओ टाकला. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, नामकरणं. मी तिथे सकाळी झाडून-पुसून द्यायला जायची. सगळे त्यांना काका म्हणायचे, मी भाऊ म्हणायची. ते मला ताई म्हणायचे, वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही. रविवारी मात्र स्टुडिओ बंद. रविवारी त्यांचा नाद. गंगापूर धरणाकडच्या टेकड्यांवर सायकली घेऊन उतारावरून उड्या मारणारी मुलं-मुली असतात, त्यांचे फोटो काढायचे.

त्या नादात मी कशी ओढली गेले तेही सांगते. एकदा स्टुडिओतली ट्यूब गेली. भाऊ स्टुलावर चढून पट्टीतल्या तारा बघत होते आणि मी खालून दोन्ही हातांनी पट्टी धरली होती. मधेच त्यांना फोन आला. मुलीचा होता, नागपूरहून. बोलता बोलता ते मला विसरलेच. पंधरा-वीस मिनिटांनी वळून बघतात तर मी तशीच, हात वर. "ताई, खाली नाही का ठेवायची? हात दुखला असेल." मी म्हटलं, "नाही भाऊ. दिंडोरीला द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणीला, घडातले जादा मणी काढायला, जायची मी. दिवसभर हात वरच असतात." ते माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "रविवारी काय करता?"

त्यांना काठी धरणारं माणूस हवं होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून मारला तर फोटो पाटीसारखा सपाट येतो. तो लांब, बाजूला, लांब काठीच्या टोकावर धरावा लागतो. भाऊंनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं की माझ्या काठीवरचा फ्लॅश उडायचा, मधे तार नाही काही नाही. आधी त्यांनी दोन-चार जणांना काठी देऊन बघितली होती. पण सायकल अंगावरून उडाली की माणूस सायकलकडे बघतो आणि काठी झुकते. माझी झुकायची नाही. घड विरळताना वर बघत बसलं तर मान मोडते, म्हणून नजर एका जागी आणि हात एका जागी ठेवायची सवय होती. स्कूटरवर पुढे भाऊ, मागे मी आणि मधे दोन बॅगा, असे आम्ही पाच वर्षं टेकड्या पालथ्या घातल्या. गल्लीतल्या बायका काय बोलायच्या ते मला माहीत आहे. त्याचं मला काही नाही.

जागा ठरवायला भाऊंना तास लागायचा. उडीच्या टोकाशी कोणाची तरी सायकल मागून घ्यायचे आणि तिच्यावर बसायचे, पाय टेकून, गुडघे दुखत असले तरी. तिथून पोराला काय दिसणार, तो कुठे बघत खाली येणार, हे स्वतः बघायचे. मग मला सांगायचे, "तो झाडापाशी उतरणार, म्हणजे नजर झाडावर. जिथे त्याची नजर, तिथे आपला उजेड नाही." मला डाव्या अंगाला, जरा खाली, दगडाच्या आडोशाला उभं करायचे. उजेड गालावर पडला पाहिजे, डोळ्यात नाही. फोटो आला की चाकाची तार न् तार मोजून घ्यावी, उडालेला खडासुद्धा हवेत थांबलेला. पण भाऊ आधी तोंड बघायचे. तोंड नीट नसेल तर म्हणायचे, "ही सायकलची जाहिरात झाली. माणूस कुठाय?"

आणि एक गोष्ट ते कधीही चुकवायचे नाहीत. वीज केंद्रात म्हणे कुठलीही लाईन चालू करायच्या आधी मोठ्याने ओरडून सांगतात आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत थांबतात. एकाचं उत्तर आलं नाही तरी हात लावायचा नाही. भाऊंनी ते तसंच्या तसं टेकडीवर आणलं होतं. शर्यतीच्या आधी वर जिथून सगळे सुटतात तिथे जायचे, सगळ्यांसमोर फ्लॅश उडवून दाखवायचे आणि विचारायचे, "हा असा उडेल, डावीकडून. कोणाला नकोय?" ज्याला नको त्याच्या हँडलला पांढरी चिकटपट्टी. पांढरी पट्टी दिसली की मी काठी खाली घ्यायची. मुलं हसायची. "काका, लग्नात पण नवरीला विचारता का?" भाऊ म्हणायचे, "नवरी उतारावरून येत नाही."

पडलेल्या माणसाचा फोटो ते कोणाला दाखवायचे नाहीत. एका पावसाळ्यात एक जण चिखलात असा पडला की सायकल एकीकडे, हा एकीकडे, आणि तोंडात माती. लागलं काही नव्हतं. त्याचे मित्र लगेच भाऊंभोवती. "काका, तेवढा ग्रुपवर टाका ना, प्लीज." भाऊंनी कॅमेरा बॅगेत ठेवला. "पडला तो, हसणार तुम्ही, आणि फोटो माझा?" दुसऱ्या दिवशी तो फोटो त्यांनी त्या मुलाला एकट्याला दिला. म्हणाले, "हा तुझा. ठेव नाही तर फाड."

अशा माणसाच्या नावावर लोकांनी काय लिहून ठेवलं ते आता सांगते. 

त्या वर्षीची शर्यत मोठी होती. भरवणाऱ्यांमधले एक सर होते, गळ्यात शिट्टी, हातात माइक. वरून एकेकाला सोडायचं काम त्यांचं. भाऊंचं आणि त्यांचं आधीच बोलणं झालं होतं की दोघांमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवायचं. ते फ्लॅशसाठी तर होतंच, कारण एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याला चार-पाच सेकंद लागतात, मागचा लाल दिवा लागेपर्यंत तो उडतच नाही. पण खरं म्हणजे ते मुलांसाठीच होतं. मे महिना, माती पिठासारखी झालेली. एक सायकल गेली की धूळ बसायला वेळ लागतो.

त्या दिवशी पाहुणे उशिरा आले. त्यांना पुढे कुठेतरी उद्घाटनाला जायचं होतं. म्हणून सगळं आटपायची घाई. दहा-बारा जण नीट सुटले आणि मग वरून शिट्ट्या एकामागून एक वाजायला लागल्या. भाऊ खालून टोपी हलवून ओरडत होते, "अंतर ठेवा! अहो सर, अंतर!" वर कोणी बघितलं नाही. एक मुलगा आला, उडाला, फ्लॅश उडाला, तो खाली गेला. मी सवयीने मनात मोजायला लागले. एक, दोन, आणि त्या धुळीतूनच दुसरा बाहेर आला. तो अनिकेत. सकाळीच भाऊंना म्हणाला होता, "काका, माझा भारी काढा हं." त्याचं पुढचं चाक उडीच्या कडेला लागलं आणि तो सायकलवरून पुढे फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं.

काठी माझ्या हातात होती. फ्लॅशची पाठ माझ्याकडे होती. लाल दिवा लागलेला नव्हता. फ्लॅश उडताना बारीक फट असा आवाज होतो, तो झाला नाही. मी हे कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन.

अनिकेतला उचलून आणलं तेव्हा तो एवढंच म्हणत होता, "काही दिसलंच नाही, काही दिसलंच नाही." सर लगेच म्हणाले, "दिसणार कसं? डोळ्यात फ्लॅश मारल्यावर!" आणि माझ्याकडे बोट करून, सगळ्यांच्या देखत, "अशा अडाणी बाईच्या हातात लाईट देतात काका. तिला काय कळतंय?"  भाऊंना मी पाच वर्षांत त्याच एका वेळी चिडलेलं बघितलं. म्हणाले, "त्यांचा हात हलत नाही सर. तुमची जीभ हलते. लाईट माझा आहे, बोलायचं ते मला बोला."

झालं. लाईट माझा आहे म्हणाले, तीच कबुली धरली. बक्षिसांच्या वेळी सरांनी माइकवर जाहीर केलं की फ्लॅशमुळे आपल्या एका खेळाडूला दुखापत झाली आहे आणि यापुढे फ्लॅशला बंदी. अंतराबद्दल अक्षर नाही. पाहुण्यांच्या घाईबद्दल अक्षर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काळजी घेतात म्हणून!

स्टुडिओत आल्यावर भाऊंनी मला कॅमेऱ्यावर तो फोटो दाखवला. अनिकेत हवेत, सगळा काळा, सावलीसारखा. मागे धुळीचा लोट. आधीच्या फोटोतल्या मुलाचं तोंड लख्ख आणि याचं तोंड काळं, फक्त डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. फ्लॅश उडाला असता तर हा असा काळा आलाच नसता. माझ्यासारखीलाही कळत होतं. मी म्हटलं, "भाऊ, चला. आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ."

"नाही ताई."

"का नाही?"

"नीट बघा. त्याला कळलंय की तो पडणार. असं तोंड चार लोकांत दाखवायचं? त्याच्या आईने बघितलं तर?"

"आणि तुमचं तोंड काळं झालं ते?"

ते हसले. "माझं वय झालंय. चालतंय."

त्यांनी तो फोटो छापून पाकिटात घातला, वर अनिकेतचं नाव लिहिलं आणि मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले. पाकीट तसंच परत आणलं. अनिकेतने त्यांना बघून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "आत्ता दिला तर पुरावा दाखवायला आल्यासारखं होईल," म्हणाले. "मागेल तेव्हा देऊ." त्याने काही मागितला नाही.

लोक याला चांगुलपणा म्हणतील. म्हणू देत. मला त्या चांगुलपणाचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. ज्याच्या मानासाठी तुम्ही गप्प बसलात, त्याने तुमच्या मानासाठी काय केलं? दुसऱ्याचं तोंड दिसावं म्हणून भर उन्हात उजेड घेऊन उभं राहायचं आणि स्वतःवर आलं की गप्प! मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ताई, चहा ठेवा."

मग सुरू झाली चौकशी. पासपोर्टच्या फोटोला आलेलं माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विचारायचं, "काका, तुमच्या लाईटमुळे पोरगा पडला म्हणे?" भाऊ कॅमेऱ्यातून बघत म्हणायचे, "हनुवटी थोडी खाली घ्या." एवढंच. मी मागे पडद्याआड झाडू धरून उभी. कितीदा वाटलं, बाहेर यावं आणि सांगावं. पाय उचलला नाही. चार लोकांत बोलायची मला सवय नव्हती, आणि चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकणार असं मीच ठरवून टाकलं होतं. सर म्हणाले ते मी खरं धरलं होतं. याचा राग मला कोणावर काढता येत नाही.

रविवारी भाऊ घरीच बसायला लागले. फ्लॅशमधले सेल काढून ठेवले होते, आत राहिले की गळतात म्हणून. दोन वर्षांनी थंडीत ते गेले. सकाळी चहा प्यायले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. नाशिकरोडला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकलहऱ्याचे त्यांचे सगळे जुने सोबती आले होते, म्हातारे, काठ्या टेकत. भंते वंदना घेत होते आणि मी दाराकडे बघत होते. त्यांच्या फोटोंनी ज्यांची घरं भरली आहेत त्या सायकलवाल्यांपैकी एकही आला नाही. एकही नाही! नंतर त्यांच्या मुलीने स्टुडिओ रिकामा केला तेव्हा मी मदतीला होते. खणात ते पाकीट सापडलं. मी तिला विचारून ठेवून घेतलं.

परवा द्वारकेला रस्ता ओलांडायला उभी होते. पुलाखाली मोठा बोर्ड लागलेला. त्याच शर्यतीचा. उडी मारणारा एक मुलगा, तोंड लख्ख, खडे हवेत. खाली लिहिलेलं, "नाशिकमध्ये प्रथमच! फ्लॅशच्या प्रकाशात टिपलेले थरारक क्षण." मी दोनदा वाचलं, मला वाटलं माझं काही चुकतंय. प्रथमच? बंदी कधी उठली? कोणी उठवली? ज्याच्यावर घातली होती त्याला कोणी कळवलं? तिथे गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी रस्त्याच्या मधे उभी राहून रडत होते, रागाने.

तिथून घरी न जाता मी रिक्षा करून सातपूरला गेले. अनिकेतचं तिथे सायकलचं दुकान आहे, हे भाऊंनीच कधीतरी सांगितलं होतं. तो चाक लावत बसला होता. मला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला. "मावशी? काठीवाल्या?"

मी पाकीट पुढे केलं. "हे तुझं. भाऊंनी ठेवलेलं." पुढे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

त्याने पाकिटातून फोटो बाहेर काढला आणि उजेडाकडे धरून बघितला. मग खाली मान घालून म्हणाला, "धूळ होती मावशी. पुढच्याची धूळ. मला हँडलसुद्धा दिसत नव्हतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"सरांना सांगितलं होतं, दवाखान्यातच. ते म्हणाले, अंतराचं काढलंस तर पुढच्या वर्षी शर्यतीला परवानगीच मिळायची नाही. फ्लॅशवर भागतंय तर भागू दे. आणि काकाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना चालतंय."

"त्यांना चालत नव्हतं रे! ते तुझं तोंड झाकत होते. असं लोकांना दिसू नये म्हणून." मी एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारचा पंक्चरवाला उठून आला.

अनिकेतने हात पुसले आणि तिथल्या तिथे सरांना फोन लावला, आवाज मोठा करून. फोटो सापडलाय, फ्लॅश उडालाच नव्हता, हे सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "अरे, ते काका वारले ना? मग आता कोणाला काय फरक पडतो?"

"फोन इकडे दे," मी म्हटलं.

"कोण बोलतंय?"

"काठी धरणारी. अडाणी."

 सर आवाज मऊ करून म्हणाले, "मावशी, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मला काही नको. तुम्ही माइकवर बोलला होतात सगळ्यांसमोर. आता माइकवरच सांगा, फ्लॅश उडाला नव्हता. आणि भाऊंचं नाव घेऊन सांगा."

त्यांनी फोन ठेवून दिला.

अनिकेत म्हणाला, "मावशी, हा फोटो दाखवा कोणालाही. माझी हरकत नाही." मी म्हटलं, "मी नाही. तू दाखव. मी शेजारी उभी राहते." तो म्हणाला, "रविवारी शर्यत आहे, माइकही असेल. सकाळी सातला घ्यायला येतो."

आज शुक्रवार.  काय बोलायचं ते विसरू नये म्हणून हे सगळं लिहून काढलंय. भाऊ असते तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं. आता अडवायला ते नाहीत.